‘फ्रेहा’चे गाणे : हसावे कोणाला?

१९७९ साली ‘श्लागर’ या विनोदी चित्रपटासाठी ओफ्रा हाझा हिने ‘शीर हाफ्रेहा’ गायिले आणि ते घरोघरी पोहोचले. लिपस्टिक लावणारी, नाचू-हसू इच्छिणारी, मोठमोठ्या शब्दांना कंटाळलेली वस्तीतली मुलगी पाहून सारे हसले. आम्हीही हसलो.

गीत लिहिले मोशे दायान यांचे पुत्र आसी दायान यांनी. गायिले ते तेल अवीवच्या हातिक्वा या गरीब वस्तीत, येमेनी कुटुंबात वाढलेल्या मुलीने. मोठ्या घरच्या लेखणीने कष्टकऱ्यांच्या पोरीची थट्टा केली, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते अर्धेच पटते. पुढे लहानसे घर व संसार वाट पाहत आहेत, हे त्या पोरीला ठाऊक आहे. म्हणून तिला आज नाचायचे आहे. हाझाने तिला वेडावले नाही, तिची बाजू घेतली. हेच गाण्याचे मोल.

‘फ्रेहा’ हे मोरोक्कोच्या यहुदी स्त्रियांचे जुने नाव, अर्थ आनंद. इथे त्याची शिवी झाली. आपल्या आनंदीबाईच्या नावाचे असे झाले असते तर? इस्पितळात रात्रपाळीला आमच्यासोबत अशा मुली असत; ओठ रंगवलेले, पण रुग्णाला कुशीवर वळवताना हात मायेचा.

वाचकहो, गाणे जरूर ऐका, हसाही. मात्र त्या शब्दाने कोणाच्या लेकीला हाक मारू नका.