बालकांचे बायबल : वयोमान, निवड आणि मराठी कथन

मुलांच्या हाती बायबलची कोणती आवृत्ती द्यावी, हा प्रश्न वरकरणी पालकांचा आणि धर्मशिक्षकांचा, म्हणजे केवळ व्यवहाराचा वाटतो. साहित्यसमीक्षेने त्याची दखल घ्यावी याचे कारण असे की, अनेक शतकांत आणि अनेक हातांनी सिद्ध झालेला एक विशाल ग्रंथ बालवाचकापुढे ठेवताना संपादकाला निवड, संक्षेप, भाषा आणि अर्थनिर्णय हे चारही प्रश्न एकदमच सोडवावे लागतात. मोठ्यांसाठी केलेल्या भाषांतरातील दोष वाचक मूळ ग्रंथाशी ताडून पाहू शकतो. बालकाला ती सोय नसते. त्याच्यापुढे जे येते तेच त्याच्या दृष्टीने मूळ असते. म्हणून बालबायबलच्या संपादकाची जबाबदारी भाषांतरकाराहूनही अधिक आहे.

हा वाङ्मयप्रकार नवा नव्हे. योहान ह्यूब्नर या जर्मन शिक्षकाने १७१४ मध्ये जुन्या करारातील बावन्न व नव्या करारातील बावन्न कथांचा संग्रह शाळांसाठी तयार केला. प्रत्येक कथेनंतर त्याने प्रश्न, बोध आणि पद्य असा क्रम ठेवला. हा साचा युरोपात दीर्घकाळ टिकला. मराठीत बायबलकथेचा पहिला मोठा अवतार मात्र फादर स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराणा’त, १६१६ मध्ये, झाला. तो ग्रंथ भाषांतर नसून पुनःकथन आहे, आणि एकट्याने वाचण्यापेक्षा श्रोत्यांना ऐकविण्याकडे त्याचा कल आहे. पुढे विल्यम कॅरी यांच्या प्रेरणेने श्रीरामपूर येथून १८११ मध्ये नवा करार मराठीत निघाला आणि भाषांतराची परंपरा सुरू झाली. १८७३ मध्ये सुरू झालेल्या ‘बालबोधमेवा’ या मासिकाने मिशनच्या छत्राखाली मुलांसाठी वेगळे मराठी गद्य घडविण्याचा प्रयत्न केला. सातारा जिल्ह्याचा या परंपरेशी असलेला संबंधही ध्यानात घेण्याजोगा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला तो साताऱ्यात, आणि त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

या परंपरेत प्रस्तुत प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयत्न पंडिता रमाबाईंचा होय. केडगावच्या मुक्ती मिशनमधील नवसाक्षर स्त्रियांना कळावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर, १९२४ मध्ये, ते प्रसिद्ध झाले. संस्कृत पंडिता असूनही त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द जाणीवपूर्वक टाळले. परंतु शब्द सोपा असला म्हणजे वाचन सोपे होतेच असे नाही. मुळाशी एकनिष्ठ राहण्याच्या आग्रहामुळे वाक्यरचना परकी राहिली, तर परिचित शब्दही अनोळखी भासू लागतात. सुलभता आणि निष्ठा यांच्यातील हा ताण बालबायबलच्या प्रत्येक संपादकाच्या वाट्याला येतो.

या ताणाची परीक्षा पाहण्यासाठी वाचक म्हणून शहरातील नव्हे, तर शिरवळसारख्या गावातील मूल डोळ्यांसमोर आणावे. सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, नीरेच्या काठी वसलेल्या या गावाजवळून आज महामार्ग जातो आणि परिसरात कारखाने उभे आहेत. तरीही ज्वारी-बाजरीची शेते, शेळ्यामेंढ्या आणि चुलीवरची भाकरी या गोष्टी तेथील मुलाला पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. गॅलिलीतील दृष्टांतांचे जग त्याला शहरी मुलापेक्षा जवळचे आहे. गंमत अशी की, नेमक्या या जवळिकीमुळेच काही ठिकाणी अर्थ निसटतो.

पेरणाऱ्याचा दृष्टांत घ्यावा. त्यात काही बी वाटेवर, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत पडते. देशावरचा शेतकरी ज्वारी पेरतो ती पाभरीने. चाड्यात सोडलेले बी नळ्यांतून सरळ तासात उतरते. ही पेरणी पाहिलेल्या मुलाला वाटेवर पडलेले बी हा शेतकऱ्याचा गलथानपणा वाटेल आणि तो पेरणाऱ्यालाच दोष देईल. दृष्टांताचा रोख मात्र जमिनीवर आहे. हा पेरणारा मुठीने बी फेकीत चालला होता, एवढे एक वाक्य कथनात आले तर दृष्टांत जागेवर येतो. हे वाक्य वाढविणारा संपादक मुळाशी प्रतारणा करीत नाही, कारण मूळ श्रोत्यांना जे न सांगता ठाऊक होते तेच तो सांगत असतो.

बेखमीर भाकरीची गोष्ट याच जातीची आहे. मिसर देश सोडताना इस्राएल लोकांना पीठ फुगेपर्यंत थांबण्यास सवड नव्हती, म्हणून त्यांनी बिनखमिराची भाकरी भाजली. ही घाई त्या सणाचा गाभा आहे. परंतु ज्वारीच्या भाकरीत खमीर कधी पडतच नाही. तेव्हा शिरवळच्या मुलाला बेखमीर भाकरी ही नित्याची वस्तू वाटते आणि तिच्यातील घाई त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. येथे शब्दाचे भाषांतर अचूक असूनही प्रसंगाचे भाषांतर झालेले नसते. रात्रभर आंबवावे लागणारे पीठ त्याला आंबोळीमुळे समजू शकते. कथनकाराने त्या ओळखीचा आधार घ्यावा. उलट काही ठिकाणी मराठी शब्दच अर्थाला उजाळा देतो. नोहाच्या जलयानासाठी रूढ झालेला ‘तारू’ हा शब्द ‘तारणे’ आणि ‘तारण’ यांच्या कुळातला आहे. हा संबंध मराठी मुलाच्या कानाला विनासायास जाणवतो.

आता वयाचा प्रश्न. सहा वर्षांपर्यंतचे मूल कथा ऐकते आणि चित्र पाहते. त्याला एका वेळी एक प्रसंग पुरतो. सात ते दहा या वयात प्रसंगांची साखळी हवीशी वाटते, म्हणून भावांनी विकलेल्या योसेफाची दीर्घ कथा या वयाला विशेष मानवते. अकरा-बारापासून न्यायाची जाणीव तीव्र होते आणि मूल पात्रांना जाब विचारू लागते. पंधरा-सोळानंतर त्याला पुनःकथन नको, ग्रंथच हवा. त्या टप्प्यावर संपूर्ण बायबल, किंवा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’सारखा (२०१०) सर्वसामान्य मराठी वाचकासाठी सिद्ध झालेला ग्रंथ हाती देणे योग्य होय. या सीमा काटेकोर नाहीत. घरात वाचून दाखविणारे कोणी असेल तर त्या अलीकडे सरकतात.

परंतु वयोमानानुसार निवड म्हणजे सोप्या कथा आधी आणि अवघड कथा नंतर, एवढाच अर्थ घेणे अपुरे ठरेल. एकच कथा निरनिराळ्या खोलीवर सांगता येते. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेली गोष्ट याचा उत्तम दाखला आहे. एका गरिबाजवळ एकुलती एक कोकरी होती. शेजारच्या श्रीमंताने स्वतःचे कळप सोडून तीच पाहुण्यासाठी कापली. एवढी गोष्ट सात वर्षांच्या मुलाला पुरी कळते आणि त्याला राग येतो, राजालाही आला होता. तो श्रीमंत म्हणजे राजाच, हे बाराव्या वर्षी सांगावे : दुसऱ्याची पत्नी त्याने हिरावून घेतली आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मृत्यूच्या तोंडी दिले. या अपराधाचे पुढील परिणाम, विशेषतः निष्पाप बालकाचा मृत्यू, हा त्याहून प्रौढ वाचकाने तोंड देण्याचा प्रश्न आहे. तिन्ही टप्प्यांत कथा वाढत जाते, पण आधी सांगितलेले काहीही नंतर खोडावे लागत नाही. बालबायबलच्या परीक्षणाचा पहिला निकष हाच असावा. वगळणे क्षम्य आहे. बदलणे क्षम्य नाही.

या निकषावर जलप्रलयाची रूढ सचित्र कथा उतरत नाही. चित्रात तारवाच्या खिडकीतून जिराफ डोकावतात, हत्ती हसतात, आणि बुडालेले जग कोठेच दिसत नाही. अगदी लहान मुलाला मृतांचे वर्णन सांगू नये, हे मान्य. तथापि संहाराची कथा प्राणिसंग्रहालयाच्या सहलीत रूपांतरित करणे हे वगळणे नसून बदलणे होय. त्यापेक्षा ती कथा दोन वर्षे उशिरा सांगणे श्रेयस्कर. इसहाकाच्या बलिदानाविषयीही हेच म्हणावे लागते. बकरी ईदच्या निमित्ताने शेजारच्या मुस्लिम घरातून इब्राहीमची कथा ऐकलेल्या मुलाला तिच्यातील भय आधीच जाणवलेले असते. आज्ञाधारकपणाचे बक्षीस एवढाच तिचा सारांश त्याच्या हाती ठेवला, तर पुस्तकावरचा त्याचा विश्वास डळमळतो.

तात्पर्याचा सोस हा दुसरा दोष. उधळ्या मुलाची कथा बहुतेक बालसंग्रहांत मेजवानीपाशी संपते. मूळ कथा मात्र तेथे संपत नाही. शेतावरून परतलेला थोरला भाऊ घराबाहेर रुसून उभा आहे, बाप त्याची समजूत घालीत आहे, आणि तो आत गेला की नाही हे सांगितलेलेच नाही. बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे काय, हे ज्या समाजात मुलालाही कळते, तेथे थोरल्याची तक्रार वगळणे म्हणजे कथेचा अर्धा भाग गमावणे आहे. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त केसोबासांनी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक असे तीन भाग वेगळे राखले. ह्यूब्नरनेही बोध कथेनंतर ठेवला. दोन्ही ठिकाणी उपदेश आहेच, परंतु उपदेशासाठी कथा कापलेली नाही. आधुनिक संपादकाने या जुन्या शिस्तीकडून शिकावे असे पुष्कळ आहे.

सारांश, बालबायबल निवडताना मुखपृष्ठावरील वयाचा आकडा अथवा चित्रांची संख्या पाहून भागणार नाही. नाथानाची गोष्ट, जलप्रलय आणि उधळा मुलगा ही तीन प्रकरणे उघडून पाहावीत, आणि भाषेच्या परीक्षेसाठी पेरणाऱ्याचा दृष्टांत मोठ्याने वाचावा. जी आवृत्ती मुलाला आज समजते आणि उद्या त्याने संपूर्ण ग्रंथ उघडला असता जिच्यातील काहीही खोटे ठरत नाही, ती स्वीकारावी. श्रद्धावंत घरातील मूल आणि केवळ साहित्य म्हणून हा ग्रंथ वाचणारे मूल, दोघांनाही हा निकष सारखाच लागू आहे, कारण दोघांच्याही बाबतीत पणाला लागलेली गोष्ट एकच, ती म्हणजे छापील शब्दावरील विश्वास.