साठीकडे झुकलेल्या वस्तादाचें पुस्तक

कॅप्टन फेअरबर्न याचें 'ऑल-इन फायटिंग' हें पुस्तक १९४२ सालीं प्रसिद्ध झालें, त्या वेळीं ग्रंथकाराचें वय ५७ होतें. शांघायच्या पोलीसदलांत ३० वर्षांहून अधिक काळ काढून निवृत्त झालेल्या ह्या चष्माधारी गृहस्थानें स्कॉटलंडमध्यें ब्रिटिश कमांडोंस हातघाईची लढाई शिकविली. जुजुत्सूचा त्याचा व्यासंग मोठा. तरी पुस्तकाच्या आरंभीं येतात ते अगदीं साधे प्रहार : तळहाताच्या कडेचा फटका, हनुवटीखालीं तळव्याचा आघात, बुटाची लाथ. भीतीनें हात कांपूं लागले कीं नाजूक डाव आठवत नाहींत, हें त्यानें पुरतें ओळखलें आहे. वृद्ध वाचकास ग्रंथाचा खरा उपयोग येथेंच आहे. परंतु लाथ मारावयाची तर क्षणभर एका पायावर उभें राहिलें पाहिजे! सत्तरी गांठलेल्या माणसास कित्येकदां हल्लेखोरापेक्षां स्वतःचें पडणेंच अधिक घातक. खुब्याचें हाड मोडल्यावर विजय कसला? ग्रंथकार ह्या वयांत स्वतःचा दम व तोल कसा राखीत होता, ह्यावर पुस्तकांत एकही प्रकरण नाहीं. तरुण शिपायांसाठीं लिहितांना तें सुचलें नसेल, हें समजतें. पण तें लिहावयास त्याच्याहून अधिकारी पुरुष कोण होता?