देवासचे महाराज आणि 'द हिल ऑफ देवी'

लॉर्ड सॉल्सबरी यांच्या कन्येने लिहिलेल्या पितृचरित्राचे पहिले दोन खंड १९२१ साली प्रसिद्ध झाले. दोनदा भारतमंत्री आणि तीनदा पंतप्रधान झालेल्या त्या व्हिक्टोरियाकालीन उमरावाचे जीवन तेथे पत्रव्यवहार व राजकारण यांच्या आधारे सविस्तर मांडले आहे. त्याच वर्षी इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार माळव्यात देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार (तिसरे) यांचा खाजगी चिटणीस होता. तेथून त्याने स्वदेशी पाठविलेल्या पत्रांना १९१२–१३ मधील पहिल्या भेटीची पत्रे व नंतरचे निवेदन जोडून १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक सिद्ध झाले. एका राज्यकर्त्याचे चरित्र दप्तरातून उभे राहिले, दुसऱ्याचे स्नेहातून. स्नेहातून उभ्या राहिलेल्या या चित्रात माणूस विलक्षण सजीव झाला आहे. राज्यकर्ता मात्र पुसट राहिला आहे, असे आमचे मत आहे.

तुकोजीरावांचा जन्म १८८८ चा. गादी मिळाली १८९९ साली, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या वर्षांत. तुकोजी व जीवाजी या पवार बंधूंपासून देवासच्या थोरल्या व धाकट्या पात्या झाल्या. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. १९०७ साली माल्कम डार्लिंग हा तरुण इंग्रज अधिकारी महाराजांचा शिक्षक म्हणून आला आणि त्याच्याच द्वारे फॉर्स्टरचा देवासशी संबंध जडला.

या पुस्तकातील सर्वोत्तम भाग गोकुळाष्टमीचा होय. जुन्या राजवाड्यातील गर्दी, कोलाहल, देवाभोवती मांडलेल्या वस्तूंचा पसारा हे सारे फॉर्स्टरच्या रुचीला मानवत नाही आणि तो ते लपवीतही नाही. तथापि त्या गोंधळात तल्लीन झालेल्या महाराजांकडे पाहताना त्याची थट्टा आपोआप मावळते. पुढे 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीच्या अखेरच्या भागात हाच उत्सव अवतरला आणि प्राध्यापक गोडबोले यांच्या मुखी तुकारामाचे नाव आले. इंग्रजी कादंबरीच्या एका शिखरावर देहूच्या वाण्याचे नाव उमटावे, ही घटना मराठी वाचकाने सहज विसरावी अशी नव्हे.

परंतु येथेच पुस्तकाची मर्यादाही दिसू लागते. चिटणिसाला मराठी येत नव्हती. ज्या भाषेत महाराज भजनात रंगत, त्या भाषेच्या उंबरठ्याबाहेर तो उभा होता. म्हणून भक्ती त्याला मुद्रेवरून कळली, शब्दांवरून नव्हे. राज्यकारभाराचेही तसेच. अर्धवट बांधलेला आणि बांधता बांधता ढासळणारा नवा राजवाडा त्याने मोठ्या मिस्किलपणे रंगविला आहे. पण त्या बांधकामाचा पैसा ज्या रयतेच्या घामातून आला, ती रयत या पत्रांत जवळजवळ मूक आहे. शिक्षक डार्लिंग याने पुढे १९२५ साली पंजाबच्या शेतकऱ्याच्या कर्जावर नामांकित ग्रंथ लिहिला. शिष्याचे संस्थान त्याच सुमारास कर्जात रुतत होते. या योगायोगात एका संपूर्ण प्रकरणाचा ऐवज होता.

दुसरी उणीव कोल्हापूरविषयी. १९०८ साली महाराजांचा विवाह शाहू छत्रपतींच्या कन्येशी झाला व पुढे तो संबंध तुटला. फॉर्स्टर हे दुःख मित्राच्या बाजूने सांगतो. परंतु ज्या घराण्यात वेदोक्ताचा वाद पेटला, त्या घराण्याच्या जावयाला राजधर्म, जात आणि भक्ती यांविषयी काय वाटत होते, याचा शोध पुस्तकात आम्हांस पुरेसा आढळत नाही. १९२७ साली युवराज देवास सोडून गेले. १९३३ साली आर्थिक चौकशीच्या संकटात महाराजांनी फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरी गाठली आणि १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. हा शोकान्त फॉर्स्टर दुरून, पत्रांच्या व ऐकीव वृत्तांच्या आधारे सांगतो. त्यातील कळकळ खरी आहे, परंतु तो निवाडा नव्हे.

१९८३ च्या आवृत्तीत फॉर्स्टरने स्वतः वगळलेला मजकूर समाविष्ट झाला. त्याच्या खाजगी आयुष्यातील एक नाजूक प्रकरण महाराजांनी किती उदारपणे सांभाळून घेतले, हे त्यावरून कळते. त्यामुळे पुस्तकातील कृतज्ञतेचे मूळ उलगडते. तसेच ही लेखणी कठोर का होऊ शकली नाही, हेही उलगडते. ऋणको साक्षीदार प्रामाणिक असू शकतो. निःपक्षपाती असणे त्याला कठीण जाते.

शेजारच्या धारकडे पाहिले म्हणजे उलट चित्र दिसते. १८५७ च्या उठावानंतर जप्त झालेले आणि १८६० साली पवारांना परत मिळालेले ते संस्थान. तेथील शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ साली 'पारिजातमंजरी' या नाटिकेचा शिलालेख उजेडात आणला आणि पवार घराण्याच्या इतिहासासाठीही परिश्रम घेतले. धारला कागद व शिळा वाचणारा माणूस लाभला, देवासला मन वाचणारा मित्र. चरित्रकाराच्या अंगी या दोन्ही दृष्टी असाव्या लागतात. देवासच्या टेकडीवरील देवीच्या पायथ्याशी जे राज्य नांदले, ते १९४८ साली मध्य भारतात विलीन झाले. त्याच्या एका दुर्दैवी अधिपतीची ओळख जगाला इंग्रजीतून झाली, याची आम्हांस लाज वाटत नाही. फॉर्स्टरचे ऋण आम्ही मानतो. मात्र तुकारामाच्या भाषेत वाढलेल्या अभ्यासकाने हे पुस्तक हाती घेतले, तर त्याने पहिला प्रश्न राजवाड्याला नव्हे, रयतेला विचारावा.