कॅन उचल!

मंडळी, 'हाफ-लाइफ २' (२००४) हा गोळ्या झाडायचा खेळ खरा, पण आरंभी आपल्या हातात शस्त्रच नसतं. शहर परग्रहवाल्यांच्या ताब्यात. स्टेशनवरचा शिपाई रिकामा कॅन मुद्दाम पाडतो नि दरडावतो, उचल, कचऱ्यात टाक! आपण मुकाट उचलतो. किंवा त्याच्याच अंगावर भिरकावतो आणि दंडुके खातो. वस्तू उचलायला आपण शिकतो ते असे, अपमानातून. पुढे कालव्यात फळीच्या एका टोकावर सिमेंटचे ठोकळे रचून दुसऱ्या टोकावरून वर चढायचं कोडं येतं, तेव्हा हीच शिकवणी कामी येते. मग ॲलिक्स ग्रॅव्हिटी गन देते, आणि उचलणं-फेकणं हेच शस्त्र होतं! कथा अशी हातांतून सांगितलेली आम्हांला फार मोलाची वाटते. नंतरची रस्त्यांवरची लढाई मात्र लांबते. तिथे कोडी आटतात, नि आपण कुणासाठी लढतोय हेही विसरायला होतं.