चित्त-संभूत जातक : मैत्रीचा अर्थ आणि अर्थाचे आरोपण

प्राचीन व्यक्तींच्या निकट मैत्रीत प्रणय होता काय, हा प्रश्न पाली वाङ्मयाच्या अभ्यासातही उपस्थित झाला आहे. जॉन गॅरेट जोन्स यांनी १९७९ साली जातककथांवरील आपल्या ग्रंथात, बोधिसत्त्व व आनंद यांच्या जन्मोजन्मीच्या स्नेहाला समलिंगी प्रेमाची छटा असावी, असे सुचविले. या मताने कोणी संतापतो, कोणी हर्षित होतो. समीक्षकाने मात्र प्रथम मूळ पाठाकडे वळले पाहिजे.

या संदर्भात चित्त-संभूत जातक (क्र. ४९८) विशेष विचारार्ह आहे. चित्त आणि संभूत हे उज्जयिनीचे दोन चांडाळ मावसभाऊ. केवळ दृष्टीस पडले म्हणून त्यांना मार खावा लागतो. ब्राह्मण म्हणवून ते तक्षशिलेस विद्या शिकतात. परंतु एका भोजनप्रसंगी ऊन खिरीने तोंड पोळते, स्वजातीची बोली ओठांवर येते आणि सहाध्यायी त्यांना झोडपून हाकलतात. पुढे ते नेरंजरेच्या तीरी हरिण, नर्मदेच्या तीरी पक्षी, आणि अखेर एक पुरोहितपुत्र व एक राजा होतात. चित्त म्हणजे बोधिसत्त्व व संभूत म्हणजे आनंद, असा कथेचा समारोप आहे.

हरिणजन्मी ते तोंडाला तोंड, शिंगाला शिंग लावून उभे राहत, हे वर्णन प्रणयाचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. परंतु ते गद्य अट्ठकथेतील आहे. प्राचीन गाथांत या जन्मांचा केवळ नामनिर्देश येतो. बुद्धांनंतर कित्येक शतकांनी सिद्ध झालेल्या गद्यावरून ऐतिहासिक आनंदाच्या अंतःकरणाचा निर्णय करणे शास्त्रीय नव्हे.

भाषेची उत्कटता हाही पुरावा ठरत नाही. जी गोदावरी आपल्या गंगाखेडावरून पुढे जाते, तिच्याच तीरी राहणाऱ्या बावरीचा शिष्य पिंगिय सुत्तनिपातात भेटतो. देह जराजर्जर झाला तरी मन तथागतांपासून क्षणभरही दूर राहत नाही, असे तो सांगतो. या उद्गारांना कोणी प्रणय म्हणत नाही.

संकलकांनी संकोचाने मौन पाळले, हा युक्तिवादही टिकत नाही. विनयपिटकातील पहिल्या पाराजिकाच्या विवेचनात पुरुषांमधील संबंधांचाही स्पष्ट उल्लेख आहे. तथापि केवळ किळसेपोटी जोन्स यांचे मत झिडकारणे हीदेखील समीक्षा नव्हे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. अशा प्रेमाची प्रतिष्ठा माणसाच्या माणूसपणावर उभी आहे. तिला प्राचीन दाखल्याची गरज नाही. तसेच ते प्रेम म्हणजे तथागतांच्या नावाला लागलेला कलंक, असे मानण्याचेही कारण नाही.

खरी हानी निराळीच आहे. हरिणांच्या स्पर्शावर दृष्टी खिळली की पोळलेल्या तोंडातून निसटलेली ती बोली ऐकू येत नाही. या कथेत जात जन्मागणिक बदलते. मैत्री बदलत नाही. चांडाळ म्हणून एकत्र मार खाल्लेले दोघे, एक ब्राह्मण व एक क्षत्रिय झाल्यावरही परस्परांना ओळखतात. कल्याणमित्रता हे अर्धे नव्हे, संपूर्ण ब्रह्मचर्य आहे, असे तथागतांनी आनंदालाच समजाविले होते. जातीने विभागलेल्या समाजात ‘मैत्री’ हा शब्द स्वयंपूर्ण आणि क्रांतिकारक आहे. त्याला प्रणयाचा पर्याय समजणे म्हणजे त्याचे सामर्थ्य उणे करणे होय.