दुसरी घागर

कथेतल्या नायिकेला एखादी असामान्य शक्ती दिली की ती आपोआप ‘सबळ’ होते, असा समज हल्ली लेखकांत आणि आम्हा समीक्षकांतही रुजला आहे. कुणी तलवार चालवते, कुणाला दुसऱ्याच्या मनातले ऐकू येते. अशा नायिकांचे कौतुक मीही केले आहे. परंतु ए. के. रामानुजन यांनी संकलित केलेली एक कन्नड लोककथा पुन्हा वाचताना त्या कौतुकाचीच मला शंका येऊ लागली. गिरीश कार्नाड यांनी तिच्यावर १९९२ साली ‘चेलुवी’ हा हिंदी चित्रपट केला. सोनाली कुलकर्णींचा तो पहिला चित्रपट असल्याने मराठी वाचकाला ही कथा बहुधा त्या वाटेने ठाऊक असेल.

मोलमजुरी करणाऱ्या म्हातारीच्या धाकट्या मुलीला फुलांचे झाड होता येते. थोरली बहीण एक घागर पाणी ओतते, ती झाड होते. फुले तोडून झाली की दुसऱ्या घागरीने पुन्हा मुलगी होते. पान फाटता कामा नये, डहाळी मोडता कामा नये, एवढीच अट. राजपुत्र हे लपून पाहतो, तिच्याशी लग्न करतो आणि तिने झाड होऊन दाखवावे म्हणून अबोला धरतो. पुढे नणंद तिला बागेत नेऊन झाड व्हायला भाग पाडते. नणंदेच्या मैत्रिणी फांद्या ओरबाडतात, दुसरी घागर कशीतरी रिती करतात आणि निघून जातात. मागे उरतो तो हात-पाय नसलेला, धड झाड नव्हे धड माणूस नव्हे असा देह.

झाड झालेली असतानाच ती सर्वांत सुंदर आणि सर्वांत असुरक्षित असते, याकडे रामानुजन यांनी लक्ष वेधले आहे. मला त्यापुढे जाऊन वाटते ते असे, की या कथेचे मर्म झाड होण्यात नाही, परत येण्यात आहे. आणि परत आणणारी घागर कायम दुसऱ्याच्या हातात असते. बहिणीच्या हातात ती माया असते, नवऱ्याच्या हातात हौस, नणंदेच्या हातात खेळ. शक्ती तीच, हात बदलले की तिचा अर्थ बदलतो.

आर. के. नारायण यांच्या ‘द गाइड’मधली रोझी (१९५८) याच प्रश्नाला सामोरी जाते. तिच्या नृत्याला नवरा किंमत देत नाही, राजू त्याची किंमत वसूल करतो. एक नाकारतो, दुसरा विकतो. दोघांनाही ती कला स्वतःच्या हिशेबात हवी असते. राजू तुरुंगात गेल्यावरही रोझीचे नृत्य थांबत नाही, तेव्हा कुठे ते तिचे होते.

लोककथेचा शेवट मला पूर्वी खटकत असे: अखेर नवराच तिला सोडवतो, ही तडजोड वाटे. आता तसे वाटत नाही. भ्रमिष्टासारखा भटकलेला तो राजपुत्र तिच्यापाशी येतो, तेव्हा काय करायचे ते तीच सांगते. पाणी ओत, मोडलेली फांदी नीट बसव, बांध, मग दुसरी घागर ओत. पहिल्यांदाच तो प्रेक्षक नसतो, काळजी घेणारा असतो. घागर अजून त्याच्या हातात आहे, पण रीत तिची आहे.

म्हणून नायिकेला बळ देणाऱ्या लेखकाला मी आता वेगळे प्रश्न विचारतो. या बळाची अट कोणती? ते वापरताना तिचे काय मोडते? आणि ती परत यावी म्हणून पाणी कोण ओतणार? ज्या कथेत ही उत्तरे शोधावीशीही वाटत नाहीत, तिथे शक्ती हा नायिकेच्या अंगावरचा आणखी एक दागिना असतो. दागिने तर आपण तिला पूर्वीही घालतच होतो.