वळीव कुणावर पडतो?

मी समीक्षक नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. मुलांना शिकवावे आणि सुटीत कादंबरी लिहावी, एवढाच माझा व्यवहार. तरीही आज टीकेची लेखणी हाती धरली आहे, ती आमच्या शाळेच्या शिपायामुळे.

हा गृहस्थ माझी पुस्तके वाचतो. काही वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी उघडून तो टेबलापाशी उभा राहिला. त्या पानावरचा प्रसंग असा : वैशाखातली दुपार, आभाळ गडगडते, वळीव कोसळतो, नायक-नायिका धावत बांधावरच्या आंब्याखाली जातात आणि दोन वर्षांचा अबोला तिथे सुटतो. ह्या प्रसंगाबद्दल मला वाचकांची कौतुकाची पत्रे आली होती. शिपाई म्हणाला, "गुर्जी, समदं झ्याक लिवलंसा. पर त्या दोघांस्नी झाडाखाली कशापायी हुबं केलंसा? आमचा थोरला असाच आंब्याखाली गेला. बैलांचा कासरा हातातच व्हता."

मी काय उत्तर देणार? शाळेत विज्ञानाच्या तासाला मीच मुलांना सांगतो, की वीज चमकू लागली म्हणजे झाडाखाली थांबू नये. कादंबरी लिहिताना तो मास्तर कुठे गेला होता? २०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात विजेने २८०० हून अधिक माणसे दगावली, असे सरकारी नोंद सांगते. त्यांत रानात राबणारी फार. आणि आम्ही लेखक मात्र जोडपी नेमून झाडाखाली पाठवतो!

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर दिवाळीच्या फराळात हा कडू घास वाढला नसता. पण मराठी कथा-कवितेतला वळीव जरा आठवून पाहा. पहिला थेंब पडतो, मातीचा वास सुटतो, नायिकेचा पदर भिजतो, मनातले मळभ जाते. झाला वळीव! तो पडतो तो नेहमी माणसाच्या मनावर. कडब्याच्या गंजीवर तो कधी पडतच नाही.

परंपरेकडे पाहावे तर तिथेही त्याला पाट मिळालेला नाही. कालिदासाचा यक्ष मेघाला हाक घालतो ती आषाढात. दुष्काळाला आपल्याकडे 'बनगरवाडी' मिळाली. १९५५ साली आलेल्या त्या पुस्तकात न आलेल्या पावसाने एक अख्खे गाव उठवले. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'ने (१९५६) महिन्यामहिन्याचा निसर्ग डोळे भरून पाहायला शिकवले. गोठ्यात आणि खळ्यात शिरणे हा त्या पुस्तकाचा दावाच नव्हता. शंकर पाटलांनी एका कथासंग्रहाला 'वळीव' हेच नाव दिले, म्हणजे शब्दातली ताकद त्यांनी ओळखली होती. आणि बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा पेरणी, कापणी, मोट ह्यांच्यासकट निसर्ग कवितेत आला. ती वाट मोकळी होती. तिच्यावरून वळीव घेऊन जाणारे मात्र थोडे निघाले.

आता खरा वळीव कसा असतो? सकाळपासून पान हलत नाही. उकाड्याने जीव नकोसा होतो. तापलेली हवा वर चढते, तिच्यातल्या ओलाव्याचे डोंगराएवढे ढग होतात, आणि तिसऱ्या प्रहरी एका अंगाने धुळीची भिंत चालून येते. मग गावात एकच धावपळ उडते. अंगणात कुरडया, सांडगे, पापड वाळत घातलेले असतात. चार दिवसांचे ते कष्ट सासवा-सुना ओच्यात भरून आत नेतात. कुणी गोवऱ्या झाकतो, कुणी दावणीची जनावरे सोडतो, कुणी पत्र्यावर दगड चढवतो. आमराईत कैऱ्यांचा सडा पडतो. वैरण भिजली की काळी पडते, आणि पुढचे महिने गुरांनी काय खायचे हा प्रश्न घरात येऊन बसतो. अर्ध्या तासात सारे शांत.

पण थांबा. त्याच अर्ध्या तासाने नांगरटीची ढेकळे फुटतात, जमीन मऊ होते, कुळव चालतो, मृगाच्या पेरणीची तयारी सुरू होते. बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असा हा पाऊस. म्हणून एकाची गंजी काळी पडते आणि बांधापलीकडचा शेजारी हसत कुळव जुंपतो. गावाला हे ठाऊक असते. म्हणूनच गाव वळवाला शिव्याही देते आणि त्याची वाटही पाहते. अवकाळी निराळा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्या-विदर्भात गारांनी हातची पिके झोडपली. त्या पावसाची वाट कुणीच पाहत नव्हते. हे दोन शब्द हल्ली आपण सरमिसळ वापरतो. लेखकाने तरी तसे करू नये.

कुणी म्हणेल, साहित्य म्हणजे शेतकी खात्याचे पत्रक नव्हे. कबूल! मीही पत्रक मागत नाही. माझी तक्रार कलेचीच आहे. एकाच हाताने देणारा आणि नेणारा हा पाऊस. दोन बांधांत, दोन भावांत, सासू-सुनेत तो केवढे नाट्य पेरून जातो! ते सारे सोडून आम्ही नुसता मातीचा वास हुंगत बसलो. ताट वाढलेले असताना उदबत्तीवर पोट भरण्यातलाच हा प्रकार.

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी तो प्रसंग पुन्हा लिहिला. आता नायक-नायिका झाडाकडे जात नाहीत. वस्तीवरच्या घराच्या सोप्यात शिरतात. तिथे वाळवण आत घेण्याची घाई चाललेली. घरची म्हातारी दोघांच्या हाती एका चादरीची दोन टोके देते. कुरडयांनी भरलेली ती चादर सांडू न देता आत न्यायची, तर दोघांना एकमेकांशी बोलावेच लागते. "जरा इकडं," "सांभाळ," "हळू." अबोला सुटतो तो असा.

नवे पान मी शिपायाला वाचायला दिले. त्याने ते सावकाश, दोनदा वाचले. मग पुस्तक मिटून म्हणाला, "आता बरं केलंसा, गुर्जी. पोरं घरात आली."

आजवर मिळालेल्या साऱ्या अभिप्रायांत हा मला मोठा वाटतो.